चोवीस शब्द आणि काकूंचा प्रश्न

शनिवारी दुपारी साडेबाराला काकांचा फोन आला. "जेवलास का?" वगैरे काही नाही. थेट म्हणाले, "तू आत्ता येऊ शकशील का? मी एक गाढवपणा केलाय. निम्माच केलाय, असं तुझी काकू म्हणतेय."

मी हॅरोला राहतो. काका-काकू लंडनच्या पश्चिमेला, गाडीने अर्ध्या तासावर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्यांचंही देत नाही. का ते पुढे कळेलच. ते माझे सख्खे काका नाहीत. बावीस वर्षांपूर्वी मी इथे आलो, तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि पहिलं वर्षभर दर रविवारी त्यांच्याकडे जेवलो. एवढं नातं पुरतं. माझी नोकरी एका बँकेत, कॉम्प्युटर सुरक्षेच्या विभागात. त्यामुळे ओळखीतल्या सगळ्या ज्येष्ठांचे बिघडलेले लॅपटॉप, विसरलेले पासवर्ड आणि रुसलेले प्रिंटर माझ्याच वाट्याला येतात. त्याची सवय आहे. पण काकांचा त्या दिवशीचा आवाज सवयीचा नव्हता.

झालं होतं ते असं. काका मेकॅनिकल इंजिनिअर, आता वय ७२. कारखान्यातल्या एका तरुण सहकाऱ्याच्या नादाने २०१७ साली त्यांनी थोडे बिटकॉइन घेतले आणि विसरून गेले. विसरले म्हणूनच टिकले. आज त्यांची किंमत किती ते सांगत नाही, पण सांगलीला विश्रामबागेत एक बरा टू-बीएचके येईल एवढी आहे. बरीच वर्षं हे सगळं एका एक्स्चेंजवर पडून होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगातलं एक मोठं एक्स्चेंज चार-आठ दिवसांत कोसळलं, तेव्हा काका जरा हलले. मग जुलै २०२४ मध्ये भारतातल्या वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, ग्राहकांचे पैसे कित्येक महिने अडकून राहिले. ती बातमी काकूंनी सकाळच्या चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवली. तेव्हा काकांनी ठरवलं, की आपली चीज आपल्याकडे हवी.

म्हणून त्यांनी एक हार्डवेअर वॉलेट घेतलं. पेन ड्राइव्हएवढं यंत्र, त्याला बोटाच्या पेराएवढा पडदा आणि दोन बटणं. काकू त्याला 'डबी' म्हणतात. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच मागवलं होतं, हे काकांनी अगदी बरोबर केलं. सिडनीत असलेल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर सगळं लावून दिलं. यंत्राने आपल्या छोट्या पडद्यावर एकेक करून चोवीस इंग्रजी शब्द दाखवले, काकांनी ते कागदावर उतरवून घेतले आणि कागद देवघराच्या खणात, पंचांगाखाली गेला. मुलाने चार वेळा बजावलं, "हे शब्द कुणालाही सांगायचे नाहीत." काही महिने सगळं सुरळीत होतं.

मग जुना लॅपटॉप मेला. नवा आला. डबी नव्या लॅपटॉपला जोडायची, तर त्यावर कंपनीचं ॲप हवं. काकांनी सर्च इंजिनमध्ये ॲपचं नाव टाकलं आणि जे पहिलं आलं त्यावर क्लिक केलं. ती जाहिरात होती. बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं, पण काकांचा मोतीबिंदू तेव्हा पिकत आलेला. पान हुबेहूब, रंग तेच, चिन्ह तेच. ॲप उतरलं, उघडलं आणि अदबीने म्हणालं: नवीन कॉम्प्युटर आढळला आहे, आपले वॉलेट ओळखण्यासाठी चोवीस शब्द भरा. खाली चोवीस चौकोन.

काकू खणातून कागद काढून एकेक शब्द वाचू लागल्या, काका टाइप करू लागले. अकरा शब्द झाले. बारावा वाचायच्या आधी काकू थांबल्या.

"अहो, हे शब्द तुम्ही मला पाठ करू देत नव्हता. मग या कॉम्प्युटरला कसे काय सांगताय?"

काका म्हणाले, "अगं, हा तर आपलाच कॉम्प्युटर आहे."

"आपला आहे, पण आत कोण बसलंय ते कुठे माहितीय?"

आणि काकूंनी उठून राउटरचं बटणच बंद केलं. काकू मिरजेच्या शाळेत चौदा वर्षं शिक्षिका होत्या. इथे आल्यावर नोकरी केली नाही, कॉम्प्युटर म्हणजे ई-पेपर आणि नातवंडांचे फोटो एवढाच संबंध. पण जो प्रश्न त्यांनी विचारला, तो न विचारल्यामुळे शिकलेसवरलेले लोक बुडालेले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये लेजर या फ्रेंच कंपनीच्या नावाचं एक बनावट ॲप चक्क मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरमध्ये येऊन बसलं होतं. ते काढून टाकेपर्यंत लोकांचे पाच लाख डॉलरहून जास्त गेले. त्यांच्या यंत्रांमध्ये काही दोष नव्हता. लोकांनी स्वतःच्या हाताने शब्द टाइप करून दिले होते.

मी पोहोचलो तेव्हा काका खुर्चीत हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. काकूंनी पोहे टाकले होते. मी आधी काकांना एकच गोष्ट सांगितली: पैसे आहेत. अकरा शब्दांवरून काही होत नाही. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. उरलेले तेरा शब्द अंदाजाने शोधायचे म्हणजे २०४८ हा आकडा तेरा वेळा लिहून त्यांचा गुणाकार करायचा. त्यातून न जुळणाऱ्या जोड्या वगळल्या तरी एकावर चाळीस शून्यं एवढे पर्याय उरतात. जगातले सगळे कॉम्प्युटर कामाला लावले तरी ते होणारं नाही. तरीसुद्धा ते शब्द आता बाटले होते. बनावट पानं बरेचदा शेवटचं बटण दाबायची वाटच पाहत नाहीत, प्रत्येक अक्षर टाइप होताच पुढे पाठवतात. आणि ते ॲप लॅपटॉपमध्ये आणखी काय करून बसलंय, हे तपासत बसण्यात अर्थ नव्हता. नवे चोवीस शब्द बनवायचे आणि बिटकॉइन तिकडे हलवायचे, हे ठरलं.

काकांनी डबी माझ्यापुढे सरकवली. "आता हिच्यातनं काढायचे कसे?"

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण माझ्या अनुभवाने दहातल्या नऊ जणांना वाटतं की बिटकॉइन त्या डबीत असतात. नसतात. मी काकांना सातबाऱ्याचं उदाहरण दिलं. जमीन कुणाच्या नावावर ती नोंद तलाठ्याच्या दप्तरात. आपल्या खिशात काही जमीन नसते. पण व्यवहार करायचा तर अंगठा आपलाच लागतो. बिटकॉइनचं दप्तर जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर उघडं पडलेलं आहे. डबीत असतो तो फक्त अंगठा, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली. आणि चोवीस शब्द म्हणजे तोच अंगठा पुन्हा जसाच्या तसा बनवायची कृती. डबी हरवली, मोडली, तर शब्दांवरून दुसऱ्या डबीत तो पुन्हा उगवतो. आणि शब्द दुसऱ्याच्या हाती गेले, तर त्याला तुमची डबी लागतच नाही.

आता यात कॉम्प्युटरचं काम काय? कारकुनाचं. कुणाला किती द्यायचे तो मजकूर कॉम्प्युटर तयार करतो आणि केबलमधून डबीकडे पाठवतो. डबी तो मजकूर स्वतःच्या पडद्यावर दाखवते. माणूस वाचतो, बटण दाबतो. सही डबीच्या आतच होते, बाहेर येते ती सही केलेली प्रत. किल्ली बाहेर येत नाही. मग कारकून ती प्रत जगाला धाडतो. एवढाच खेळ. या मांडणीचं सगळं शहाणपण यात आहे, की कारकून बेइमान असू शकतो हे आधीच गृहीत धरलेलं आहे.

काकू पोह्यांची बशी देता देता ऐकत होत्या. मी माझा लॅपटॉप उघडला, तर म्हणाल्या, "त्यांचा कॉम्प्युटर वाईट निघाला. तुझा चांगला कशावरून?"

मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की माझा चांगला असल्याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि द्यायची गरजही नाही. शब्द कीबोर्डवर टाइप करायचे नाहीत आणि डबीच्या पडद्यावर जे लिहिलंय तेच खरं मानायचं, हे दोन पाळले तर कॉम्प्युटर अगदी व्हायरसने भरलेला असला तरी तो फार तर खोटा कागद पुढे करेल. त्यावर अंगठा उठवायचा की नाही हे आपल्या हातात. स्वच्छ कॉम्प्युटर असलेला बरा, यात वाद नाही. काकांच्या नव्या लॅपटॉपवर मी नंतर विंडोज पुसून नव्याने टाकलं. आणि मुलाने लांबून मदत करता यावी म्हणून काका वापरायचे तो दुसऱ्याचा पडदा चालवायचा प्रोग्रॅम परत टाकलाच नाही.

"आणि यूएसबीतून व्हायरस डबीत शिरला तर?" हे काकांनी विचारलं. शिरणं सोपं नाही. डबी केबलमधून येणारा कुठलाही प्रोग्रॅम चालवत नाही. मोजके ठरलेले प्रश्न घेते आणि मोजकी उत्तरं देते. तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर बदलायचं तर त्यावर कंपनीची डिजिटल सही आहे का हे ती आधी तपासते. अधिकृत ॲपही पहिल्या जोडणीत डबी अस्सल आहे का याची तपासणी करतं. म्हणून ॲप अस्सल असणं महत्त्वाचं. ते मिळवायचा साधा मार्ग म्हणजे खोक्यातल्या कार्डावर छापलेला साइटचा पत्ता बघून स्वतः अक्षरं टाइप करायची, सर्च करायचं नाही. मी तेच केलं, आणि काकांच्या लॅपटॉपवर नंतर तो पत्ता बुकमार्क करून ठेवला.

जोडली डबी. दिवा लागला, कॉम्प्युटरला काही दिसेना. पुन्हा लावली, दुसऱ्या पोर्टला लावली. काका पुन्हा घाबरले. पंधरा मिनिटांनी लक्षात आलं की काकांनी दिलेली केबल जुन्या फोनच्या चार्जरची होती. अशा काही केबलमधून फक्त वीज जाते, डेटाच्या तारा आत नसतातच. खोक्यातली मूळ केबल माळ्यावर सापडली, लावली, आणि लगेच ओळख पटली. हे एवढ्यासाठी लिहिलं, की नेमक्या या टप्प्यावर लोक वैतागून 'यंत्र कनेक्ट होत नाही' असं सर्च करतात आणि मदत करणाऱ्या भामट्याच्या हाती सापडतात. आधी केबल बदला.

आता खरं काम. डबी एकच, तिच्यात जुना अंगठा. ती पुसायची, नवे शब्द बनवायचे, नव्या खात्याचा पत्ता लिहून घ्यायचा, पुन्हा पुसायची, जुने शब्द भरायचे, बिटकॉइन नव्या पत्त्यावर पाठवायचे, पुन्हा पुसायची, नवे शब्द भरायचे. तीनदा पुसणं. आज कुणी विचारलं तर मी सांगेन, दुसरं यंत्र मागवा, त्याचे पैसे वसूल आहेत. पण नवं यंत्र मंगळवारशिवाय येणार नव्हतं आणि काकूंनी सांगून टाकलं की तोपर्यंत या घरात कुणाला झोप लागणार नाही.

पुसायच्या आधी मी म्हटलं, कागद बरोबर आहे का ते बघू. या यंत्रांमध्ये तशी सोय असते: कागदावरचे शब्द डबीच्याच बटणांनी डबीत भरायचे, आतल्या किल्लीशी जुळतात का ते ती सांगते, काही पुसत नाही. काका म्हणाले, "कागद बरोबरच आहे, मी लिहिलाय." मी म्हटलं, "तरी पण."

दोन बटणांनी एकेक अक्षर शोधत चोवीस शब्द भरायला काकांना पंचवीस मिनिटं लागली. मी पाठ करून खिडकीबाहेर बघत बसलो होतो. शेवटी डबी म्हणाली: जुळत नाही.

पुन्हा भरले. पुन्हा जुळत नाही.

त्या खोलीत जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. म्हणजे इतके महिने पंचांगाखाली जो कागद जपला होता, तो चुकीचा होता. आतापर्यंत कधी डबी बंद पडली असती, हरवली असती, पिन तीनदा चुकला असता, तर सगळं गेलं होतं. तीनदा चुकीचा पिन टाकला की काकांची डबी स्वतःला पुसून टाकते. आणि मी तर पाच मिनिटांपूर्वी ती हातानेच पुसायला निघालो होतो.

काकूंनी कागद घेतला, चष्मा लावला आणि पेपर तपासायला बसाव्या तशा बसल्या. काकांचं अक्षर म्हणजे डॉक्टरांनाही लाजवेल असं. वरून खाली, एकेका शब्दावर पेन्सिलीचं टोक. सतराव्या शब्दाशी थांबल्या. "हे काय लिहिलंय?"

"फन," काका म्हणाले.

"हा यू आहे? वर मिटलाय. हा ए आहे. फॅन."

आता ते शब्द बाद झालेत म्हणून लिहायला हरकत नाही. फन हाही शब्द त्या यादीत आहे आणि फॅनही आहे. काकांनी तिसऱ्यांदा शब्द भरले, सतराव्या जागी फॅन. डबी म्हणाली, जुळले. काका उठून आत गेले आणि थोडा वेळ बाहेर आले नाहीत. काकू म्हणाल्या, "चहा टाकते."

त्यानंतर लेखनिकाचं काम काकूंकडे गेलं. डबी पुसली, नवे चोवीस शब्द पडद्यावर आले, काकूंनी ते कॅपिटल अक्षरांत, फळ्यावर लिहावं तसे सुटे सुटे लिहिले. मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. काका म्हणाले, "अरे, तू घरचाच आहेस." मी म्हटलं, घरचा आहे म्हणूनच. कुणी फोटो काढू लागला तरी नाही म्हणायचं. फोनमधला फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि कागद कागद राहत नाही. आणि एक उलटी खूण सांगून ठेवतो: डबीबरोबर शब्द आधीच छापून आले असतील तर ती डबी तशीच टाकून द्या. ते शब्द ज्याने छापले त्याच्याकडेही ते आहेत. सेकंडहँड किंवा स्वस्तात मिळणारी यंत्रं घेऊ नयेत ती याचसाठी. २०२३ मध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या तज्ज्ञांनी एक बनावट ट्रेझर उघडून दाखवलं होतं. वरचे चकचकीत सील जागेवर, आत मात्र चिपच बदललेली.

नवा कागदही डबीवर तपासून घेतला. या वेळी पहिल्याच फटक्यात जुळला. काकूंनी काकांकडे नुसतं बघितलं.

मग नव्या खात्याचा पत्ता. बिटकॉइनचा हा पत्ता म्हणजे बेचाळीस अक्षर-आकड्यांची आगगाडी, सुरुवात बी-सी-वन-क्यू. तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो आणि डबीच्याही. दोन्ही एकच असायला हवेत. कॉम्प्युटरमध्ये लपलेले काही प्रोग्रॅम एवढंच करतात, की तुम्ही पत्ता कॉपी केला की पेस्ट होताना चोराचा पत्ता पुढे करतात. चोर कधीकधी सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं सारखी असलेला पत्ताही बनवून ठेवतात, म्हणून कडेची चार-चार अक्षरं बघून भागत नाही. काका डबीवरून एकेक अक्षर वाचत होते, काकू कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून 'हं' म्हणत होत्या. रेल्वेच्या आरक्षणाच्या यादीत नाव शोधावं तसं. सुरुवातीचं बी-सी-वन सोडलं तर या प्रकारच्या पत्त्यात पुढे एक, बी, आय आणि ओ ही चार चिन्हं वापरतच नाहीत, वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून. काकांच्या अक्षराची बातमी बनवणाऱ्यांपर्यंत आधीच पोहोचली असावी.

पुन्हा पुसून जुने शब्द भरले, फॅनसकट. आधी वीस पौंडांएवढी चिमूट पाठवली. पाठवण्याआधी डबीने रक्कम दाखवली, पत्ता दाखवला, शुल्क दाखवलं; काका प्रत्येक पान वाचत बटण दाबत गेले. बिटकॉइनची नोंद साधारण दहा मिनिटांनी एकदा होते. आम्हाला अर्धा तास लागला. त्या वेळात काकूंनी थालीपीठं लावली. नव्या खात्यात वीस पौंड दिसले (शिल्लक बघायला डबी लावावी लागत नाही, उघडं दप्तर ते), मग बाकीचं सगळं पाठवलं. संध्याकाळी साडेसहाला नव्या कागदावरचे शब्द शेवटचे भरले आणि काम संपलं. जुना कागद काकूंनी गॅसवर धरून जाळला.

जेवताना मी त्यांना बायबिटची गोष्ट सांगितली. २१ फेब्रुवारी २०२५ ला त्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर चोरीला गेलं. अमेरिकेच्या एफबीआयने त्यामागे उत्तर कोरिया असल्याचं जाहीर केलं. सह्या करणारे जाणकार होते, त्यांच्याकडेही हार्डवेअर वॉलेटच होती. त्यांना कॉम्प्युटरवर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि सही झाली ती भलत्याच मजकुरावर. गुंतागुंतीच्या व्यवहारात डबीच्या इवल्या पडद्यावर नुसती आकड्या-अक्षरांची रांग येते, माणसाला वाचता येईल असं काही नसतं, आणि लोक बटण दाबून मोकळे होतात. याला आपल्याकडे जुना शब्द आहे: कोऱ्या कागदावर अंगठा. काकांचं काम साध्या बिटकॉइनचं आहे, त्यांच्या डबीवर पूर्ण मजकूर येतो. पण डबीवर जे वाचता येत नाही त्यावर सही नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

"आणि हे कुणाला सांगायचं नाही," काकू म्हणाल्या. याबाबतीत मला काही शिकवावं लागलं नाही. २०२० मध्ये लेजर कंपनीची ग्राहकयादी फुटली. दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर चव्हाट्यावर आले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींना टपालाने बनावट यंत्रं आली, 'सुरक्षेसाठी जुनं बदला' अशा पत्रासकट. जानेवारी २०२५ मध्ये तर फ्रान्समध्ये याच कंपनीच्या एका सहसंस्थापकाला घरातून पळवून नेलं आणि त्याचं बोट कापलं. काकांचं नाव-गाव मी का दिलं नाही ते आता कळलं असेल. मंडळाच्या कट्ट्यावर 'आमच्या ह्यांनी किती कमावले' हे सांगायची हौस असेल, तर ती सोन्याच्या पाटल्यांवर भागवावी.

राहिला एक अवघड विषय. तो काकूंनीच काढला. काका हात धुवायला गेले असताना म्हणाल्या, "हे नसले तर मी काय करायचं?" इतक्या महिन्यांत त्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं. मुलगा सिडनीत, कागद पंचांगाखाली, डबीचा पिन काकांच्या डोक्यात. न्यूपोर्ट इथून काही फार लांब नाही. तिथल्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, त्यावर सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली. नगरपालिकेचा कचराडेपो उकरू द्यावा म्हणून ते वर्षानुवर्षं भांडले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. काकांच्या घरी कचराडेपोचीही गरज नव्हती, एक 'फन' पुरला असता.

मृत्युपत्रात शब्द लिहावेत असं काकांच्या मनात होतं. इंग्लंडमध्ये प्रोबेट झाल्यावर मृत्युपत्र कुणालाही थोडी फी भरून पाहता येतं, त्यामुळे ते बाद. शेवटी असं ठरलं: शब्दांच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. डबी कुठे आहे, केबल कोणती, ॲपचा पत्ता काय, काय कधीच करायचं नाही, हे सगळं काकूंनी स्वतःच्या मराठीत एका वहीत लिहिलं. त्या वहीत शब्द नाहीत. मृत्युपत्रात फक्त 'असं काही आहे आणि वही अमुक ठिकाणी' एवढंच. डिसेंबरमध्ये सांगलीला जाताना डबी आणि कागद एका बॅगेत ठेवायचे नाहीत. आणि पिन काकूंनी नवा ठेवला, तो आता दोघांना माहीत आहे.

परतताना दारात काकांनी विचारलं, "तू किती घेतलेस?" मी म्हटलं, एक पौंडाचेही नाहीत. ही वस्तू घ्यावी की नाही यावर माझं मत विचाराल, तर मी फिक्स्ड डिपॉझिटवाला माणूस आहे. सांगलीहून काकांच्या पुतण्याने 'आम्ही पण घेऊ का' असं विचारलं तेव्हाही मी एवढंच सांगितलं, की तिकडे नफ्यावर तीस टक्के कर आहे, आधी तो हिशेब कर.

गेल्या आठवड्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन. "मी आज एकटीने लावून बघितली. केबल लावली, पिन टाकला, पत्ता काढला, दोन्हीकडे ताडून पाहिला, काढून ठेवली."

"काही अडलं नाही ना?"

"डबीवर काहीतरी अपडेटचं आलं होतं. तुझे काका पट्टी लावून खुर्चीत बसून सांगतायत, उजवं दाब, उजवं दाब. मी म्हटलं, तुम्हाला दिसतंय का काय लिहिलंय ते? मग गप्प बसा. मी डावं दाबलं. तू रविवारी ये, मग दोघं मिळून वाचू. येताना कोथिंबीर घेऊन ये, इथे चांगली मिळत नाहीये."